तण पेरणारी शास्त्रज्ञ

गव्हातले तण उपटायचे असते, हे शेतकऱ्याच्या लहान पोरालाही ठाऊक असते. मग इंग्लंडमधील एका नामवंत कीटकशास्त्रज्ञ बाईंनी तणांचे बी मुद्दाम वाढवून त्या मिश्रणाला ‘शेतकऱ्याचे दुःस्वप्न’ असे नाव का दिले असेल?

मिरियम रॉथशिल्ड (१९०८–२००५) प्रसिद्ध होत्या त्या पिसवांच्या अभ्यासासाठी. हा वारसा वडिलांचा. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. हा रोग उंदरांकडून माणसाकडे नेणाऱ्या पिसवेचे शास्त्रीय वर्णन १९०३ साली चार्ल्स रॉथशिल्ड यांनी केले. याच चार्ल्सनी १९१२ मध्ये निसर्गरक्षणासाठी संस्था स्थापली आणि जपण्याजोग्या २८४ जागांची यादी केली. मोजक्या जागा राखल्या की निसर्ग टिकेल, अशी त्यामागची आशा.

पण जागांच्या बाहेर शेती बदलत होती. १९३० नंतरच्या सुमारे पन्नास वर्षांत इंग्लंड-वेल्सच्या सखल भागातील फुलांची जुनी कुरणे जवळजवळ ९७ टक्के नाहीशी झाली. कुठे ती नांगरली गेली, कुठे खतांमुळे जोमदार गवताने फुले दडपली.

शेतातली फुले गेली ती वेगळ्या कारणाने. कॉर्नकॉकल या तणाचे बी जवळजवळ गव्हाच्या दाण्याएवढे. ते मळणीत गव्हात मिसळे आणि पुढच्या वर्षी शेतकरीच ते पेरी! बियाणे स्वच्छ करण्याची यंत्रे सुधारली आणि ही साखळी तुटली. हे बी मातीत फार काळ जगत नाही, त्यामुळे तण झपाट्याने दुर्मिळ झाले. तांबड्या पॉपीचे बी मात्र मातीत कित्येक वर्षे झोपून राहते. जमीन उकरली जाऊन उजेड मिळाला की उगवते. पहिल्या महायुद्धात तोफांनी उकरलेल्या फ्लँडर्सच्या मातीत पॉपी फुलली ती यामुळेच.

जे बी मातीतच उरलेले नाही, ते नुसती जागा राखून कसे उगवणार? ते पेरावेच लागणार. मिरियमबाईंनी नेमके हेच केले. अ‍ॅश्टन येथील आपल्या जमिनीत त्यांनी रानफुले बियांपासून वाढवली. त्यांच्या मिश्रणात पॉपी, कॉर्नफ्लॉवर, कॉर्नकॉकल अशी शेतातली तणे होती. त्यांच्या सल्ल्याने त्या वेळचे युवराज चार्ल्स यांनीही हायग्रोव्ह येथे रानफुलांचे कुरण केले.

कुरणाचा नियम बागकामाच्या उलट आहे. खत घालायचे नाही. फुलांचे बी पडल्यावर गवत कापायचे आणि उचलून न्यायचे, म्हणजे जमीन निकस राहते. यलो रॅटल ही वनस्पती गवताच्या मुळांतून अन्न शोषून त्याचा जोर आणखी कमी करते.

मात्र फुलातल्या मधाने फुलपाखरे केवळ येतात. नांदण्यासाठी अळीला तिचे ठरावीक झाड लागते. मोनार्क फुलपाखराची अळी रुईच्या कुळातल्या झाडांतील विष अंगात साठवते आणि त्यामुळे फुलपाखराला पक्ष्यांपासून संरक्षण मिळते. हे विष ओळखण्याच्या १९६० नंतरच्या संशोधनात मिरियमबाईंचा वाटा होता. आपल्याकडे रुईच्या पानांवर पट्टेदार अळ्या दिसतात, त्या मोनार्कच्याच नात्यातल्या प्लेन टायगरच्या.

शाळेच्या आवारातला एक कोपरा वर्षभर न खुरपता सोडून पाहा. काय आपोआप उगवते आणि काय उगवत नाही, याची विद्यार्थ्यांना नोंद करू द्या. बाहेरून आणायचेच, तर बी आपल्याच परिसरातले असावे. न उगवलेल्या झाडांची यादी हाही आपल्या गावाचा इतिहासच आहे.