दस्तक आणि मोकळा परवाना

अलिबागच्या किनाऱ्यावरून भरतीच्या वेळीं पाहिलें असतां कुलाब्याचा दुर्ग चोहोंकडून पाण्यानें वेढलेला दिसतो. अठराव्या शतकाच्या आरंभीं ह्या किनाऱ्यावर सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांचा अंमल होता, आणि कोंकणच्या समुद्रांतून जाणाऱ्या व्यापारी गलबतांस त्यांचें दस्तक जवळ बाळगावें लागे. दस्तक म्हणजे परवाना. द्रव्य भरून तो घ्यावयाचा; तो नसला म्हणजे गलबत मालासकट अडकवून ठेवलें जाई. इंग्रज कंपनीस हा अधिकार मान्य नव्हता. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनीं मिळून कुलाब्यावर जी चाल केली, ती ह्याच कलहांतून. आणि ती फसली, हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. परवाना हा शब्द उच्चारतांच मनापुढें जें चित्र उभें राहतें तें अशाच प्रकारचें असतें. वाट अडवून बसलेला एक धनी, आणि मोल देऊन वाट मागणारा दुसरा.

गेल्या सुमारें चाळीस वर्षांत मात्र परवान्याची एक निराळी जात जगांत रूढ झाली आहे. संगणकानें काय करावें हें सांगणाऱ्या ज्या आज्ञावल्या असतात, ज्यांस सॉफ्टवेअर म्हणतात, त्यांना ती जोडलेली असते. तिला मोकळा परवाना म्हणतां येईल. तो विकत घ्यावा लागत नाहीं. इतकेंच काय, मागावाहि लागत नाहीं. आज्ञावलीच्या मूळ लिखाणाबरोबर तो आपोआपच हातीं येतो, आणि त्यांतील मजकूर असा असतो: हें लिखाण घ्या, चालवा, हवें तसें बदला, दुसऱ्यांस द्या, विका, त्यावर स्वतःचा धंदा उभारा. अटी दोनच. लिहिणाराचें नांव व हा परवाना प्रत्येक प्रतींत कायम राहिला पाहिजे. आणि कांहीं बिघडलें तर लिहिणाराकडे भरपाई मागावयाची नाहीं.

इतकेंच उदार व्हावयाचें असेल तर परवान्याचें लचांड हवें कशाला, अशी शंका कोणासहि येईल. तिचें उत्तर कायद्यांत आहे. भारताचा ग्रंथस्वामित्वाचा कायदा १९५७ सालचा. १९८४ सालच्या दुरुस्तीनें त्यांत संगणकाच्या आज्ञावल्या साहित्यकृतींच्या पंक्तींत आल्या. स्वामित्व उत्पन्न होण्यास नोंदणी लागत नाहीं. लिखाण होतांच तें लिहिणाराचें होतें, आणि त्यानें मौन धरलें तर त्या मौनाचा अर्थ कायदा नकार असाच करितो. म्हणजे ज्यास आपली वस्तु सर्वांस द्यावयाची आहे, त्यानें तसें लेखी सांगितल्यावांचून ती दिली जातच नाहीं. ह्याच कायद्याच्या २१ व्या कलमान्वयें आपलें स्वामित्व अजिबात सोडून देण्याचीहि सोय आहे. परंतु मोकळा परवाना म्हणजे तो त्याग नव्हे. येथें धनी धनीच राहतो, आणि राहतो म्हणूनच त्यास नांवाची अट घालतां येते. पुष्कळ सुशिक्षित लोकहि ह्या दोन गोष्टींची गल्लत करितात.

अशा देण्याची रीत परवान्याहून जुनी आहे, आणि कुलाब्याच्या दुर्गासमोर, खुद्द अलिबागेंतच, तिचें एक उत्तम स्थान आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत (नामसादृश्यानें घोटाळा होऊं नये, हा कुलाबा मुंबईचा) पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं वाचनें १८४१ पासून घेतलीं जात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येण्याचें ठरलें. विजेच्या प्रवाहानें वेधशाळेंतील नाजूक चुंबकसुया विचलित होणार, हें ओळखून डॉ. नानाभाई मूस ह्यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यांत आली. कांहीं काळ दोन्ही ठिकाणीं एकदमच वाचनें घेऊन जुन्या व नव्या मालिकेचा सांधा जुळविला गेला. १८४६ ते १९०५ पर्यंतचीं मुंबईचीं वाचनें मूस ह्यांनीं दोन खंडांत १९१० सालीं छापून काढलीं. त्यांचा उपयोग कोणीं, कोठें व कशासाठीं करावा, ह्यावर कोणाचा पहारा नव्हता. सप्टेंबर १८५९ मध्यें सूर्यावरील उत्पातानें जें प्रचंड चुंबकीय वादळ झालें, त्याची मुंबईच्या वेधशाळेंत झालेली नोंद अमेरिका, ब्राझील व भारत येथील शास्त्रज्ञांनीं २००३ सालीं पुन्हां तपासली, आणि क्षैतिज चुंबकीय बल त्या दिवशीं सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरल्याचें दाखवून दिलें. नोंद घेणारांस ह्या उपयोगाची कल्पना असणेंच शक्य नव्हतें. मात्र कोणाची नोंद, कोठची, कोणत्या उपकरणावरची, हें तिच्यासोबत टिकून राहिलें होतें; तें नसतें तर त्या आंकड्यांस कवडीचें मोल आलें नसतें.

नांवाच्या अटीचें असेंच महत्त्व संगणकाच्या क्षेत्रांत एका खटल्यानें सिद्ध केलें, आणि तो थोडा विस्तारानें सांगण्याजोगा आहे. अमेरिकेंतील एटी अँड टी ह्या दूरध्वनि कंपनीच्या बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं युनिक्स नांवाची प्रणाली जन्मास आली. सरकाराशीं १९५६ सालीं झालेल्या तडजोडीमुळें ह्या कंपनीस दूरध्वनीबाहेरच्या धंद्यांत पडण्याची मनाई होती. म्हणून युनिक्स मूळ लिखाणासह विद्यापीठांस अल्प मोलांत मिळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत विद्यार्थ्यांनीं व अध्यापकांनीं तींत इतकी भर घातली कीं, १९७८ पासून बर्कलेची आवृत्ति स्वतंत्रपणें फिरूं लागली. पुढें १९८४ सालीं कंपनीचें विभाजन झालें, तिच्यावरील बंधन गेलें, आणि युनिक्सचें मोल चढत चाललें. तेव्हां बर्कलेच्या मंडळींनीं केवळ स्वतः लिहिलेला भाग वेगळा काढून जून १९८९ मध्यें मोकळ्या परवान्याखालीं प्रसिद्ध केला. विद्यापीठाकडून फीत घ्यावयाची तर १००० डॉलर पडत. पण एकानें घेतलेली प्रत दुसऱ्यानें फुकट उतरून घेण्यास कोणतीच आडकाठी नव्हती!

१९९१ सालीं ह्याहून मोठा भाग असाच बाहेर पडला. तेव्हां युनिक्सचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीनें १९९२ सालीं दावा लावला. आमचें लिखाण चोरलें, असा तिचा आरोप होता. विद्यापीठानें उलट दावा केला. कंपनीनें आपल्या युनिक्समध्यें बर्कलेचें लिखाण वापरलें होतें, आणि परवान्याप्रमाणें विद्यापीठाचा जो उल्लेख करावयास हवा होता तो केला नव्हता. ज्या अटीस केवळ शिष्टाचार समजून दुर्लक्षिलें, तीच वादीच्या गळ्यांत पडली. १९९४ च्या आरंभीं तडजोड झाली. सुमारें १८००० फाइलींपैकीं अवघ्या तीन काढून टाकाव्या लागल्या, आणि सत्तरांच्या आसपास फाइलींत कंपनीच्या हक्काची ओळ घालावी लागली. बाकीचें सर्व मोकळें राहिलें.

तथापि नांवाची हौसहि कोठें थांबावी ह्यास मर्यादा आहे. बर्कलेच्या जुन्या परवान्यांत, जाहिरातींतसुद्धां विद्यापीठाचा उल्लेख करावा, अशी एक जादा अट होती. तिचें अनुकरण करून प्रत्येक लेखक आपापलें नांव घुसवूं लागला. १९९७ सालच्या एका प्रणालींत असे पंचाहत्तर उल्लेख मोजण्यांत आले. लग्नपत्रिकेंतील निमंत्रकांची यादी बरी म्हणावी अशी ती अवस्था होती. विद्यापीठानें २२ जुलै १९९९ रोजीं ती अट रद्द केली. मॅसॅच्युसेट्स येथील एम्‌आयटी संस्थेच्या नांवानें ओळखला जाणारा परवाना ह्याच कुळांतला, पण अधिकच आंखूड. तीन परिच्छेदांत तो आटोपतो. २००४ सालच्या अपाची परवान्यांत पेटंटाच्या हक्काचीहि मुभा स्पष्ट शब्दांत दिलेली आहे.

ह्या कुळाहून भिन्न असा एक पंथ आहे. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८९ सालीं सिद्ध केलेला जीपीएल परवाना म्हणतो कीं, बदललेली आज्ञावली दुसऱ्यास द्याल तर तिचें मूळ लिखाणहि त्याच अटींवर दिलें पाहिजे. मोकळ्या परवान्यांत ही सक्ति नाहीं. घेणारानें झांकून ठेविलें तरी चालतें. दोहोंपैकीं श्रेष्ठ कोणता, हा वाद हट्टानें घातला जातो, पण प्रसंग पाहूनच निवड करणें शहाणपणाचें दिसतें. मुंबईच्या फ्रॅपे ह्या कंपनीनें तसेंच केलें आहे. व्यापारी हिशेबाची आपली ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली तिनें जीपीएलखालीं ठेविली, आणि ज्या चौकटीवर ती रचली आहे ती चौकट मात्र एम्‌आयटी परवान्याखालीं. अलिबागचीं चुंबकीय वाचनेंहि आज सर्वस्वीं मोकळीं नाहींत. नवी पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था तीं जागतिक जाळ्यांत पाठविते; तेथें विद्याव्यासंगास मुभा आहे, व्यापारास निराळी संमति लागते. नफ्याची ही आडभिंत मोकळ्या परवान्यास मंजूर नाहीं.

ती नसल्याचा परिणाम कधीं चमत्कारिक होतो. हॉलंडांतील प्राध्यापक अँड्रू टॅनेनबॉम ह्यांनीं विद्यार्थ्यांकरितां मिनिक्स नांवाची प्रणाली रचिली होती, आणि २००० सालीं ती बर्कलेच्या धर्तीच्या परवान्याखालीं आणिली. २०१७ सालीं त्यांस वर्तमानपत्रीं वार्तांवरून कळलें कीं, इंटेल कंपनीच्या संगणक-चिपांच्या पोटांत तीच प्रणाली चालते आहे. त्यांनीं कंपनीस जाहीर पत्र लिहिलें. मोबदल्याची अपेक्षा त्यांत नव्हती. आधीं कळविण्याची सभ्यता दाखविली असती तर बरें झालें असतें, एवढाच सूर होता. कायद्यानें कंपनी तेंहि करण्यास बांधलेली नव्हती.

दुसऱ्या अटीची, म्हणजे भरपाई न मागण्याची, परीक्षा डिसेंबर २०२१ मध्यें झाली. लॉगफोरजे ही अपाची परवान्याखालील लहानशी आज्ञावली. प्रणालींत काय घडलें ह्याची रोजनिशी लिहिणें एवढेंच तिचें काम. मोठमोठ्या कंपन्यांनीं व सरकारी कचेऱ्यांनीं ती आपापल्या यंत्रणेंत बसविली होती. तींत असें एक छिद्र आढळलें कीं, परक्या माणसानें दुरून यंत्राचा ताबा घ्यावा. तिची देखभाल करणारे मूठभर स्वयंसेवक होते. परवान्याप्रमाणें वस्तु जशी आहे तशीच दिलेली, जबाबदारी कोणतीच नाहीं. त्यांनीं स्वस्थ बसावयाचें ठरविलें असतें तरी त्यांस कोणी न्यायालयांत खेंचूं शकलें नसतें. टीकेचा भडिमार होत असतां त्याच महिन्यांत त्यांनीं दुरुस्त केलेल्या आवृत्त्या एकामागून एक बाहेर काढिल्या, आणि त्याहि त्याच परवान्याखालीं.