गळाचा रॉड घेताय? लांबी अन् चकाकी नको, आधी पाणी अन् मासा बघा

करमाळा : पाऊस उघडला, उजनीचं पाणी फुगून गावाच्या शिवाराला लागलं की बॅकवॉटरच्या काठाला गळ टाकून बसणाऱ्यांची गर्दी वाढते. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांत भीमेचं हे पाणी पसरलेलं आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं, तेव्हापासून या काठाच्या पोरांना गळाचा नाद आहेच. फरक एवढाच की पूर्वी बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ एवढ्यावर भागायचं. आता मोबाईलवर जाहिरात दिसते, रॉड-रीळ-गळ-पिशवी असा सगळा संच हजार रुपयांच्या आसपास घरपोच येतो आणि पोरगं मागवून मोकळं होतं. पुढं पहिलाच मोठा मासा लागला की शेंडा काडकन मोडतो, नाहीतर रीळ अडकून तंगूस तुटतो. मग परत पैसे घालायचे.

हजार रुपये म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी. ती पाण्यात जाऊ नये म्हणून रॉड घेताना काय बघायचं, कशाला पैसे द्यायचे आणि कशाला नाही, याची ही माहिती.

आधी ठरवा : कुठला मासा, कुठलं पाणी

सगळ्या माशांना चालेल असा एक रॉड नसतो. दुकानात जाण्याआधी आपण कुठं बसणार आणि काय धरणार हे ठरवा.

चिलापी : काठाजवळच मिळते. गांडूळ, बारीक गळ (८ ते १० नंबर, नंबर वाढला की गळ लहान होतो) आणि हलका रॉड पुरतो. नुसती चिलापीच धरायची असेल तर रीळसुद्धा लागत नाही. चांगली वाळलेली बांबूची काठी आजही कुठल्याच स्वस्त रॉडला हार जात नाही.

रोहू, कटला, मृगळ : मृगळ तळाला चरतो, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या थरात. कणकेचा, पेंडीचा गोळा लावून थोडं लांब टाकावं लागतं. मासा वजनदार असतो आणि लागल्यावर पळ काढतो. इथं ७ ते ८ फुटी, मध्यम ताकदीचा रॉड आणि रीळ लागतं.

मरळ : गवतात, पाणवेलीत दबा धरून बसणारा शिकारी मासा. तो लागला की लगेच गवतात घुसतो, त्याला ओढून काढावं लागतं. त्यासाठी साडेसहा-सात फुटांचा ताठ रॉड आणि विणलेला जाड दोरा हवा. चिलापीच्या रॉडवर मरळ धरायला गेलात तर रॉड तरी जाणार, नाहीतर मासा तरी.

पहिलाच रॉड घेत असाल आणि रोहू-मृगळ-चिलापी असं मिळेल ते धरायचं असेल, तर ७ फुटी, दोन तुकड्यांचा, मध्यम ताकदीचा रॉड घ्या. बहुतेकांना तोच पुरतो.

लांब रॉड म्हणजे चांगला रॉड नव्हे

१२-१५ फुटांचा घडीचा रॉड बघितला की भारी वाटतो. लांब रॉडनं गळ दूर जातो हे खरं, पण तो तेवढाच जड, शेंड्याला तेवढाच नाजूक आणि बाभळीच्या झुडपात वागवायला तेवढाच अवघड. काठाच्या पाण्यात मासा बऱ्याचदा पंधरा-वीस फुटांवरच असतो. लांबीला पैसे देऊ नका.

काचेचा की कार्बनचा?

रॉड मुख्यतः दोन प्रकारांत येतात. फायबर ग्लासचा रॉड जरा जड आणि लवचिक असतो, पण मार खातो. मोटारसायकलवरून नेला, बांधावर आपटला, कुणाचा पाय पडला तरी बऱ्याचदा टिकतो. कार्बनचा रॉड (त्यालाच ग्रॅफाइट म्हणतात) हलका आणि ताठ असतो. माशानं नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. पण त्याला दगडाचा एक टोला बसला की आत बारीक चीर पडते, वरून काही दिसत नाही आणि पुढं कधीतरी ऐन माशाच्या वेळी तो मोडतो. दोन्हींची मिसळ असलेले रॉडही येतात आणि ते मधल्या किमतीत चांगले पडतात.

स्वस्तातल्या रॉडवर '९९ टक्के कार्बन' असं छापलेलं असलं तरी त्यावर भाळू नका. आपल्याकडच्या वापराला, पहिल्या रॉडसाठी फायबर ग्लास किंवा मिसळीचाच बरा.

कार्बन आणि वीज : ही गोष्ट जिवाची

कार्बनमधून वीज वाहते. बॅकवॉटरच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी, केबली, खांब आणि खाली लोंबणाऱ्या तारा सगळीकडं आहेत. रॉड उघडताना किंवा मागून गळ फेकताना शेंडा वर जातो आणि ध्यान पाण्याकडं असतं. ११ केव्हीच्या तारेला रॉड टेकायलाच पाहिजे असं नाही, फार जवळ गेला तरी वीज उडी मारू शकते. ओला बांबू, ओला तंगूस आणि ओला काचेचा रॉडही सुरक्षित धरू नका.

म्हणून बसायच्या आधी वर बघा. तारेखाली रॉड उघडायचा नाही, जोडायचा नाही, उभा धरून चालायचं नाही. वळवाचं आभाळ आलं, लांब कुठं गडगडलं तरी रॉड खाली ठेवून काठ सोडायचा. पोरांना रॉड घेऊन देताना ही गोष्ट आधी सांगा, बाकीचं नंतर.

रॉडवर काय छापलेलं असतं?

मुठीच्या वर बारीक अक्षरात आकडे असतात. ते वाचता आले की दुकानदारावर विसंबावं लागत नाही.

'एलबी' म्हणजे पौंड. '८-१५ एलबी' लिहिलं असेल तर त्या रॉडला ८ ते १५ पौंड ताकदीचा तंगूस चालतो. १५ पौंड म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास. यापेक्षा जाड तंगूस लावला तर जोर पडल्यावर तंगूस तुटायच्या आधी रॉड तुटेल.

'ग्रॅम'चा आकडा म्हणजे शिसं आणि आमिष मिळून किती वजन फेकता येईल ते. '१०-३० ग्रॅम' असेल तर त्याला ७० ग्रॅमचं शिसं बांधून फेकू नये.

'एल', 'एम', 'एच' ही ताकद : एल हलका, एम मध्यम, एच भारी. 'एमएच' म्हणजे मध्यम-भारी, तो मरळीला घ्या.

'फास्ट', 'मिडियम', 'स्लो' म्हणजे रॉड कुठून वाकतो ते. फास्ट नुसत्या शेंड्याला वाकतो, मिडियम वरच्या अर्ध्यात, स्लो बुडापर्यंत. नवख्याला मिडियम बरा, माशाचा झटका तो पोटात घेतो.

ज्या रॉडवर यातलं काहीच छापलेलं नाही, तो घेऊ नका.

दुकानात पाच मिनिटांची तपासणी

१. रॉड जोडा आणि सुतार जसा फळीवर डोळा लावून बघतो तसं बुडाकडून शेंड्याकडं बघा. सगळ्या कड्या एका ओळीत आल्या पाहिजेत.

२. जोड हलवून बघा. खुळखुळ वाजला तर नको.

३. कड्या मोजा. सात फुटी रॉडला शेंड्याची सोडून पाच-सहा तरी असाव्यात. कड्या कमी असल्या की ताण सगळीकडं सारखा वाटला जात नाही आणि रॉड एकाच जागी पिचतो.

४. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला, तंतू राहिले तर कडीला चीर किंवा धार आहे. ती तंगूस कापणार.

५. रीळ बसवून हलवा. खोबणीत ते डुगडुगलं नाही पाहिजे.

६. कड्यांतून तंगूस ओवून टोकाला पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली बांधा आणि हळू उचला. रॉडचा वाक गोल आणि एकसारखा दिसला पाहिजे. मध्येच कोपरासारखा वाकला तर ठेवून द्या. शेंडा हातात धरून कधीही वाकवू नका, तसा चांगला रॉडही मोडतो.

घडीचा की दोन तुकड्यांचा?

घडीचा, म्हणजे एकात एक सरकणारा रॉड पिशवीत मावतो, एवढाच त्याचा मोठा गुण. त्याचे जोड जास्त, त्यात वाळू-माती शिरते आणि भिंत घासली जाते. एसटीनं, पायी जाणाऱ्याला तो सोयीचा आहे, पण त्याच पैशात दोन तुकड्यांचा रॉड जास्त टिकतो. घडीचाच घ्यायचा तर उघडताना शेंड्याकडून सुरुवात करा आणि बंद करताना बुडाच्या जाड तुकड्याकडून.

पैसे कुठं किती घालायचे?

समजा खिशात २,५०० रुपये आहेत. सगळे रॉडला घालू नका. साधारण १,१०० चा रॉड, १,००० चं रीळ, २५० चा चांगला तंगूस आणि १५० चे गळ, शिसं, फिरकी अशी वाटणी करा. ताण सगळ्यावर सारखाच येतो आणि जे कच्चं असेल ते आधी जातं.

रिळावर 'बॉल बेअरिंग' किती लिहिलेत त्याला फार महत्त्व देऊ नका. दांडी फिरवून बघा, ती डुलता कामा नये. ब्रेक, म्हणजे ड्रॅग, थोडा आवळून तंगूस ओढा. तो एकसारखा सुटला पाहिजे, झटके देत नाही.

हा ड्रॅग लावायचा हिशेब सोपा आहे : तंगुसाच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. १२ पौंडाचा तंगूस म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, म्हणून ड्रॅग दीड किलोला सुटला पाहिजे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मोठ्या बाटलीत दीड लिटर पाणी भरा, तंगूस बांधा, रॉडचा शेंडा सरळ बाटलीकडं करून लटकवा आणि बाटली हळूहळू खाली जाईल एवढाच ड्रॅग सैल करा. एवढं केलं तर मोठा मासा लागला तरी तंगूसही तुटत नाही आणि रॉडही.

पैसे कमी असतील, हजारच असतील, तर सगळा संच घेण्यापेक्षा बांबूची काठी, चांगला तंगूस आणि चांगले गळ घ्या. उरलेले पैसे पुढच्या हंगामासाठी बाजूला ठेवा.

ऑनलाइन मागवताना

शिमानो, दाइवा, अबू गार्सिया ही या धंद्यातली जुनी नावं. पण एकाच नावाखाली स्वस्त आणि महाग असे दोन्ही रॉड असतात. नावाचं स्पेलिंग नीट बघा. घेणाऱ्यांनी टाकलेले फोटो बघा, कंपनीचे नव्हे. परत करायची मुदत किती आहे ते आधी वाचा आणि पाकीट फोडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा. वाटेत सगळ्यात जास्त मोडतो तो शेंडा, म्हणून तो पहिल्यांदा तपासा.

रॉड मोडतो तो बहुतेक वेळा माशानं नाही

तो मोडतो दारात सापडून, बैलगाडीच्या साट्यात चेंगरून, मोटारसायकलवर आडवा धरल्यानं. सात फुटी रॉडचे तुकडे साडेतीन फुटांचे होतात. घरात पडलेला चार फुटी पीव्हीसी पाईप घ्या, दोन्हीकडं टोपण लावा, झाली पेटी तयार.

मासा काठाला आल्यावर रॉड डोक्याच्या मागं नेऊन त्याला उचलू नका. त्या वेळी सगळं वजन एकट्या शेंड्यावर येतं. शेवटचं काम हातजाळीनं करा.

घरी आल्यावर रॉड साध्या पाण्यानं धुवून पुसा. जोडावर महिन्यातून एकदा मेणबत्ती घासा. जोड अडकला तर कड्यांना धरून पिळू नका, दोन्ही बाजूंनी रॉडलाच धरून सरळ ओढा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका.

गळ टाकण्याआधी विचारा

धरणं आणि पाझर तलावांतल्या मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडं किंवा ठेकेदाराकडं असतो. त्यांचं पोट त्यावर आहे. नव्या जागी बसण्याआधी त्यांना किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या. शेततळं असेल तर मालकाला विचारा. आणि नदीपात्रात धरणाच्या खालच्या बाजूला बसत असाल तर पाणी सोडणार आहेत का, ही चौकशी केल्याशिवाय पात्रात उतरू नका.

खरेदीला जाताना एवढं ध्यानात ठेवा : मासा ठरवा, आकडे वाचा, कापूस फिरवा, बाटली उचला. काठावर पोचल्यावर रॉड उघडायच्या आधी एकदा मान वर करून तारा बघा.