वारल्यांचा लग्नचौक आणि त्याचें गाणें

चित्र डोळ्यांनीं पाहावें, गाणें कानांनीं ऐकावें आणि प्रत्येक कलाकृतीस एकच कर्ता असावा, अशी आम्हां सुशिक्षितांची समजूत शाळेपासूनच झालेली असते. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली लोकांच्या लग्नघरीं जो चौक लिहिला जातो, तो या समजुतींत बसत नाहीं. वारली चित्र म्हणून जें आज आपल्या दिवाणखान्यांत टांगलेलें असतें, त्याचें मूळ या चौकांत आहे. आणि तें मूळ न जाणल्यामुळें आपण अर्धीच वस्तु घरीं आणली आहे, असें आम्हांस वाटतें.

चौकाची सामग्री सारी रानाची व शेताची. कुडाची भिंत शेणामातीनें सारवून तिच्यावर गेरूचा हात देतात. तांदळाचें पीठ पाण्यांत कालवून पांढरा रंग होतो, आणि बांबूची काडी टोंकाशीं चावून तिची लेखणी करितात. लिहिणाऱ्या त्या सवाशिणी. मध्यभागीं चौकटींत पालघट देवी, बाजूच्या लहान चौकांत पंचशिऱ्या देव, आणि भोंवतीं झाडें, पाखरें, माणसें. हात चालूं असतां गाणींहि चालूं असतात. लग्नविधि चालविणारी धवलेरी हीहि स्त्रीच, आणि तिचें गाणें हाच तिचा मंत्र. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाहीं. लग्न झालें कीं चौकाचें काम संपतें. भिंत धुरानें काळवंडते, पुन्हां सारवली जाते. त्याखालीं कोणी सही करीत नाहीं, कारण तो कोणा एकीचा नव्हेच.

धवलेरी या नांवाकडे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं लक्ष द्यावयास हवें. तेराव्या शतकांत महदंबेनें रचिलेले धवळे हें मराठींतील स्त्रीचें पहिलें ज्ञात काव्य, आणि त्याचा विषय रुक्मिणीचा विवाह. धवळे म्हणजे लग्नांत गावयाचीं गीतें. आपल्याकडे हा शब्द परीक्षेपुरता उरला. डहाणूच्या पाड्यांतून तो एका स्त्रीच्या अधिकाराचें नांव होऊन राहिला. ज्यांस आपण निरक्षर म्हणत आलों, त्यांनीं आपल्या वाङ्मयाचा एक जुना संस्कार आपल्याहून अधिक सांभाळला आहे.

जी गोष्ट चौकाची, तीच तारप्याची. वाळलेल्या लांब दुधी भोपळ्यांत बांबूच्या दोन नळ्या बसवितात, सांधे मेणानें बुजवितात, आणि पुढें ताडाच्या पानांचा कर्णा जोडतात. भाताची कापणी झाली कीं हें वाद्य वाजूं लागतें. वाजविणारा सूर तुटूं न देतां फुंकीत राहतो, आणि त्याच्याभोंवतीं स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेस हात घालून वेटोळें धरितात. त्यानें चाल बदलली कीं पावलें बदलतात. येथेंहि पाहणारा वेगळा आणि करणारा वेगळा असा भेद फारसा उरत नाहीं.

हें वाचून कोणी वारल्यांचें जीवन सुखाचें समजेल, तर इतिहास त्यास आधार देत नाहीं. ज्या लग्नासाठीं हा चौक लिहिला जाई, त्याच लग्नाच्या खर्चासाठीं वारल्यास जमीनदार-सावकाराकडे जावें लागे, आणि त्या कर्जापायीं नवराबायको दोघेंहि वेठीचीं माणसें होत. अशा माणसास लग्नगडी म्हणत. १९४५ सालीं उंबरगांव व डहाणू तालुक्यांतील वारल्यांनीं किसान सभेच्या नेतृत्वाखालीं या गुलामगिरीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत ती हकीकत लिहून ठेविली आहे.

पुढील फेरबदल कागदानें घडविला. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला-योजनेच्या कामानिमित्त या भागांत आले. १९६६-६७ च्या दुष्काळांत मिथिलेच्या बायकांच्या हातीं कागद देणारे तेच. मिथिलेंत कागदावरहि प्रामुख्यानें बायकांचेंच नांव झालें. वारल्यांत मात्र पुढें आले ते पुरुष. त्यांतील अग्रणी गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८). त्यांनीं चौकाची चौकट ओलांडून मासे धरण्याचें जाळें, मुंग्या, रोजचे उद्योग यांस चित्रांत जागा दिली. २००३ सालीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथें रिचर्ड लाँग या माती-दगडांत काम करणाऱ्या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचें प्रदर्शन झालें, आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

हा लाभ लहान नव्हे. ज्या समाजास एका लग्नासाठीं स्वातंत्र्य गहाण टाकावें लागे, त्याच्या पदरीं चित्राचें मोल पडलें आणि त्याचें नांव जगांत झालें. जुना चौक शुद्ध राहावा म्हणून वारल्यानें कागद सोडावा, असें म्हणण्याचा अधिकार आम्हां विकत घेणाऱ्यांस मुळींच नाहीं. परंतु भिंतीवरून कागदावर येतांना सवाशिणींचे अनेक हात आणि धवलेरीचा आवाज मागें राहिला, हेंहि विसरतां कामा नये. अशा चित्रांत नेहमीं आढळणारी आकृति तारप्याभोंवतींच्या नाचाची आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कागदास आवाज नाहीं. तरी त्यावर चित्रकार वाद्यच काढीत आला आहे.

चित्र संग्रहालयांत टिकतें. गाण्यास मात्र ऐकणारा लागतो. आमच्या महाविद्यालयांतून महदंबेचे धवळे शिकविले जातात. त्यांच्याच जोडीला विद्यार्थ्यांनीं या पाड्यांतून जावें, आणि धवलेरींचीं गाणीं त्यांच्या संमतीनें व त्यांच्या नांवानिशीं उतरून घ्यावीं, अशी आमची सूचना आहे. चौकाखालीं सही नसे, हें खरें. पण गाणारी कोण, हें पाड्यांत सर्वांस ठाऊक असे. तेवढें तरी आपणांस ठाऊक असावें.