चुंबक-प्रकाशीय तबकडी : लेखनघनतेचा इतिहास

लेखनसाधनांच्या इतिहासात घनतेची वाढ ही बहुधा लेखणी सूक्ष्म होत गेल्याची कथा म्हणून सांगितली जाते. चुंबक-प्रकाशीय तबकडीच्या बाबतीत खरी अडचण वाचनाची होती, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

चुंबकाच्या पृष्ठावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवणप्रतल किंचित फिरते, ही गोष्ट जॉन केर यांनी १८७७ च्या सुमारास दाखविली. या तबकडीचे वाचन त्याच आविष्कारावर चालते. लेखनाचे तत्त्व निराळे आहे. क्यूरी बिंदूपर्यंत तापलेल्या द्रव्याचे चुंबकत्व लोपते व निवताना ते बाह्य क्षेत्राची दिशा स्वीकारते. १९५८ साली मायर यांनी मँगनीज-बिस्मथाच्या पातळ थरावर या रीतीने लेखन केले. परंतु त्या थराच्या स्फटिककणांमुळे वाचनात गोंगाट येई. १९७३ साली आय.बी.एम.मधील प्रवीण चौधरी, क्युओमो व गॅम्बिनो यांनी गॅडोलिनियम-कोबाल्टचे अस्फटिकी थर पुढे आणले आणि हा अडथळा दूर होण्याचा मार्ग खुला झाला.

लेसरच्या ठिपक्यात मध्यभागीच उष्णता सर्वाधिक असते. त्यामुळे ठिपक्याहून लहान खूण लिहिता येते. वाचताना मात्र एकाच ठिपक्याखाली दोन-तीन खुणा आल्या, की त्यांचे संकेत परस्परांत मिसळतात. म्हणजे जे लिहिता येत होते, ते वाचता येत नव्हते.

यावरचा उपाय तबकडीतच सापडला. लेखनथरावर दुसरा वाचनथर चढविण्यात आला. तो थंड असताना खालच्या खुणा झाकतो व ठिपक्याच्या उष्ण भागापुरत्याच उघड्या करतो. १९९१ साली सोनीच्या संशोधकांनी मांडलेल्या या चुंबकीय अतिविभेदनाच्या आधारे १९९८ साली साडेतीन इंची तबकडीची क्षमता १.३ गिगाबाइटपर्यंत गेली. त्याच आकाराच्या आरंभीच्या तबकडीत १२८ मेगाबाइट मावत असत. २००४ च्या ‘हाय-एमडी’ने आणखी एक पाऊल टाकले. तीत सूक्ष्म खुणेची सीमाभिंत वाचनसमयी सरकून खूण मोठी दिसते. १९९३ च्या मिनिडिस्क तबकडीत १४० मेगाबाइट माहिती राही, तर त्याच आकाराच्या हाय-एमडीत १ गिगाबाइट मावू लागली. लेसरची तरंगलांबी मात्र तीच, ७८० नॅनोमीटर, राहिली.

या यशाची किंमतही नोंदविली पाहिजे. शिलालेखाला डोळा व लिपिज्ञान पुरते. येथे मात्र घनतेचे प्रत्येक नवे पाऊल पूर्वीच्या वाचकयंत्राला निरक्षर ठरवीत गेले. जुन्या मिनिडिस्क यंत्राला १ गिगाबाइटची तबकडी वाचता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने कोऱ्या मिनिडिस्कचे उत्पादनही थांबविले. म्हणून अशा तबकड्या ज्या संग्रहांत आहेत, त्यांनी वाचकयंत्रे चालू आहेत तोवरच त्यांची प्रतिलिपी करून घेणे इष्ट होय. तबकडीवरील चुंबकीय खुणा दीर्घकाळ टिकतील, परंतु यंत्र गेल्यावर त्या केवळ खुणा उरतील.