गावदप्तर, सर्व्हर आणि विलंबाचा वाद

कोल्हापूर संस्थानात गावचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या वतनदार कुलकर्ण्यांच्या हाती होते. जमाबंदीचे हिशेब आणि वसुलीचे कागद मोडी लिपीत असल्याने निरक्षर शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीविषयीही त्यांच्याच शब्दावर विसंबावे लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा वतनदारांनी विरोध केला. तो वाद मुळात जातीचा आणि गावावरील सत्तेचा होता, कामाच्या गतीचा नव्हे. दप्तर सांभाळणारा बदलला. नोंद मात्र टप्प्याटप्प्यानेच पुढे सरकत राहिली.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम येथेही लागू झाला. त्यानुसार खरेदी किंवा वारसाहक्काने धारक बदलला की तलाठी फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची नोंद, घेतो, संबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी १५ दिवस थांबतो आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. तेव्हा कुठे ती सातबाऱ्यावर, म्हणजे अधिकार अभिलेख व पीकनोंद यांच्या एकत्रित उताऱ्यावर, उतरते. यातला १५ दिवसांचा विलंब कायद्याने मुद्दाम ठेवलेला आहे, आणि कोणताही संगणक तो कमी करू शकत नाही.

सातबारा संगणकावर गेला, २०२१ मध्ये ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची पीकनोंद, आली आणि तलाठी कार्यालयात ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर रूढ झाले. कायद्याची मुदत, माणसाची दिरंगाई आणि यंत्राचा संथपणा या तीन वेगळ्या गोष्टी त्या दोन शब्दांत एक होतात, आणि यात सोय सर्वांचीच असते.

असाच गोंधळ नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाने पाहिला. ट्विटरचे नवे मालक इलॉन मस्क यांनी अनेक देशांत सेवा फार संथ असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करताना जाहीर केले, की केवळ मुख्य पान दाखवण्यासाठी ॲप हजाराहून अधिक ‘आरपीसी’, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडे जाळ्यावरून पाठवलेल्या कामाच्या विनंत्या, करते. अँड्रॉइड ॲपवर अनेक वर्षे काम केलेल्या अभियंत्याने हे चूक असल्याचे उघडपणे सांगितले आणि त्याची नोकरी गेली. ॲपच्या मोजक्या विनंत्या आणि त्यांच्यापायी सर्व्हरच्या आत होणारा पसारा या वेगळ्या बाबी आहेत. आतली संख्या मोठी असली, तरी त्यातील पुष्कळ कामे एकाच वेळी चालू शकतात, त्यामुळे निव्वळ आकड्यावरून वापरकर्त्याला किती थांबावे लागते हे ठरत नाही.

मस्क यांचा आकडा निदान तपासता येण्याजोगा होता. गावदप्तरातही फेरफाराची नोंद आणि तिचे प्रमाणीकरण यांच्या तारखा पाहून १५ दिवसांपलीकडचा काळ कोणालाही मोजता येतो. त्यातील किती दिवस सर्व्हरचे आणि किती टेबलाचे, हे मात्र त्या तारखांवरून कळत नाही.