केकच्या पिठांतील अंडें : युद्धोत्तर अमेरिकेंतील एका जाहिरातकथेची छाननी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन जाहिरातींसंबंधीं एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ती अशी : जनरल मिल्स या पिठाच्या कंपनीनें ‘बेटी क्रॉकर’ या नांवाखालीं केकचें तयार पीठ बाजारांत आणिलें. दूध व अंडीं हीं भुकटीच्या रूपानें त्यांत अगोदरच घातलेलीं असत. गृहिणीनें पाणी ओतून ढवळावें व भांडें भट्टींत ठेवावें, एवढेंच काम उरे. तरी पीठ खपेना. तेव्हां कंपनीनें अर्नेस्ट डिक्टर नांवाच्या मानसशास्त्रज्ञास बोलाविलें. त्यानें निदान केलें कीं, श्रम इतके कमी झाल्यामुळें गृहिणीस अपराध्यासारखें वाटतें. आपण नवऱ्याची व मुलांची फसवणूक करितों, असें तिच्या मनांत येतें. उपाय सोपा होता. अंड्याची भुकटी काढून टाकावी, व ताजें अंडें तिला स्वतःच्या हातानें फोडूं द्यावें. कंपनीनें तसें केलें आणि खप एकदम वाढला.

आम्हीं ही कथा प्रथम एका व्याख्यानांत ऐकिली. व्याख्याते कथेच्या शेवटास आले तेव्हां सभागृहांतील पुरुषमंडळी मोठ्यानें हंसली. स्त्रिया हंसल्या नाहींत. कथा इतकी बेतशुद्ध होती कीं, बखरी वाचण्याची संवय असणाऱ्यास तिचा संशय यावा. म्हणून उपलब्ध साधनांच्या आधारें तिची छाननी करण्याचें आम्हीं योजिलें.

कथेंतील पात्रांपैकीं डिक्टर हा खरा मनुष्य होय. त्याचा जन्म १९०७ सालीं व्हिएन्ना येथें झाला. १९३८ सालीं तो अमेरिकेस आला, पुढच्याच वर्षीं आयव्हरी साबणासाठीं लोकांच्या स्नानाच्या संवयींची त्यानें चौकशी केली, आणि १९४६ सालीं ग्राहकांच्या सुप्त प्रेरणांचा शोध घेणारी स्वतःची संस्था त्यानें काढली. तो १९९१ सालीं वारला. त्याचें दप्तर डेलावेअर संस्थानांतील हॅगली ग्रंथालयांत जतन केलेलें आहे.

बेटी क्रॉकर मात्र कधीं जन्मलीच नाहीं. १९२१ सालीं मिनियापोलिस येथील वॉशबर्न-क्रॉसबी या पीठगिरणीनें एक कोडें प्रसिद्ध केलें. उत्तरांबरोबर पाककृतीविषयीं शंका विचारणारीं असंख्य पत्रें आलीं. त्यांना पुरुषाच्या सहीनें उत्तर जाणें बरें दिसेना. तेव्हां क्रॉकर या निवृत्त संचालकाचें आडनांव घेऊन त्यामागें ‘बेटी’ हें घरगुती नांव जोडण्यांत आलें. आणि गिरणींतील नोकर स्त्रियांच्या हस्ताक्षरांचे नमुने मागवून त्यांतील एकीची सही कायम करण्यांत आली. १९२८ सालीं ही गिरणी जनरल मिल्समध्यें सामील झाली. १९३६ सालीं बेटीचें चित्रहि काढविलें गेलें. १९४५ सालीं फॉर्च्यून मासिकानें अमेरिकेंतील प्रसिद्ध स्त्रियांत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या खालोखाल हिला स्थान दिलें! बनावट शिक्कामोर्तबाचे कागद आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत, परंतु ज्या सहीची मूळ धनीणच नाहीं अशी सही इतकीं वर्षें चालल्याचें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. तथापि सहीमागचें ज्ञान खोटें नव्हतें. मार्जोरी हस्टेड यांच्या देखरेखीखालीं गृहशास्त्र शिकलेल्या अनेक स्त्रिया तेथें प्रत्यक्ष रांधून पाहत व मग उत्तरें लिहीत.

युद्धकाळीं कारखान्यांत गेलेल्या स्त्रियांपैकीं पुष्कळींस १९४५ नंतर शिपाई परतल्यावर कामावरून दूर व्हावें लागलें. बाजारांत नवीं यंत्रें व तयार जिन्नस येऊं लागले, आणि ते घेणारें गिऱ्हाईक म्हणून गृहिणीकडे सर्वांचे डोळे लागले. बेटी फ्रीडन यांनीं १९६३ सालच्या ‘द फेमिनिन मिस्टिक’ या ग्रंथांत, १९४५ सालच्या एका बाजारविषयक अहवालाचा सारांश दिला आहे. त्यांत स्त्रियांचे तीन वर्ग पाडले होते : खरी गृहिणी, नोकरी-व्यवसायाकडे ओढा असलेली स्त्री, व दोहोंचा मेळ घालणारी समतोल गृहिणी. पहिलीस यंत्राविषयीं अविश्वास असतो, दुसरी घरकामावर टीका करीत राहते. म्हणून तिसरीच विक्रेत्यास उत्तम, व तिची संख्या वाढविणें हें हितावह, असा त्या अहवालाचा इत्यर्थ आहे. स्त्री कशी होती हें या कागदावरून समजत नाहीं. विक्रेत्यास ती कशी हवी होती हें मात्र स्वच्छ समजतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पिट्सबर्ग येथें डफ आणि सन्स ही काकवीचा व्यापार करणारी पेढी होती. तिच्या जॉन डफ यानें १९३० च्या डिसेंबरांत आल्याच्या केकसाठीं तयार पिठाच्या पेटंटचा अर्ज केला. त्यांत काकवी आटवून केलेलें पीठ, मसाला, व अंड्याची भुकटीहि होती; वरून फक्त पाणी घालावयाचें. १९३३ सालीं त्याच डफनें दुसरा अर्ज केला व तो १९३५ च्या ऑक्टोबरांत मंजूर झाला. या दुसऱ्या कागदांत त्यानें भुकटी वगळून ताजीं अंडीं घालण्याची योजना सांगितली आहे. गृहिणींस व एकंदर ग्राहकांस ताजीं अंडीं अधिक पसंत असावींत, त्यामुळें भुकटी वापरणें मानसिक दृष्ट्या अडचणीचें होतें, असें कारणहि त्यानें दिलें आहे. हा अर्ज झाला तेव्हां डिक्टर व्हिएन्ना येथें शिकत होता आणि जनरल मिल्सचें केकचें पीठ बाजारांत येण्यास अद्याप चौदा-पंधरा वर्षें अवकाश होता. एका तारखेनें कथेचा कणा मोडतो.

येथें एक गोष्ट आमच्या पक्षास प्रतिकूल आहे, ती लपविणें योग्य नाहीं. ‘मानसिक’ हा शब्द डफच्याच कागदांत आहे. तेव्हां अंड्याचा व मनाचा कांहींच संबंध नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. परंतु डफ पसंतीविषयीं बोलतो. अपराधाच्या भावनेचा त्यांत मागमूस नाहीं. शिवाय पसंतीस जिभेचा आधार होता. लॉरा शपीरो यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या या विषयावरील ग्रंथांत दाखविलें आहे कीं, भुकटीचा केक भांड्यास चिकटे आणि त्यास अंड्याचा उग्र वास येई. अर्थात् गृहिणी जें नापसंत करीत होती तें खरोखरच कमी प्रतीचें होतें.

मग कथा कशी बनली? तिचा एक जुना पाठ व्हॅन्स पॅकार्ड यांच्या १९५७ सालच्या ‘द हिडन पर्स्वेडर्स’ या ग्रंथांत सांपडतो. तो बारकाईनें वाचण्यासारखा आहे. पॅकार्ड म्हणतात कीं, अनेक मानसशास्त्रीय संस्थांनीं या प्रश्नाचा विचार केला व सर्वांचें उत्तर सारखेंच आलें : गृहिणीस करण्यासारखें कांहीं तरी ठेवावें. डिक्टरचें नांव तेथें आहे, पण तें बिस्क्विक नांवाच्या निराळ्या पिठासंबंधानें. आणि ताज्या अंड्यांचा उल्लेख आहे, पण तो स्वान्स डाउन या दुसऱ्याच कंपनीच्या मालासंबंधानें. बेटी क्रॉकर, डिक्टर व अंडें हीं तिन्हीं तेथें एकत्र येत नाहींत. तीं पुढील कथेकऱ्यांनीं एकत्र आणिलीं. बल्लाळाच्या भोजप्रबंधांत कालिदास, भवभूति व माघ हे सर्व एकाच भोजराजाच्या सभेंत बसलेले दिसतात. सुटीं सुभाषितें मोठ्या नांवास चिकटतात तसाच हा प्रकार. अनेकांची सामायिक युक्ति एका प्रसिद्ध नांवावर जमा झाली.

खपाचे आंकडेहि कथेस अनुकूल नाहींत. १९४७ ते १९५३ या काळांत तयार पिठाचा खप दुप्पट झाला. १९५६ ते १९६० या काळांत मात्र तो शेंकडा ५ नेंच वाढला. म्हणजे मंदी आली ती ताज्या अंड्यांची पिठें दुकानांत रूढ झाल्यानंतर. अंडें हें तिचें औषध कसें ठरणार? त्या मंदीवर विक्रेत्यांनीं निराळाच उपाय केला. केक हा केवळ पाया, त्यावरील साखरेची नक्षी हीच गृहिणीची खरी कला, असा उपदेश मासिकांतून भरभरून येऊं लागला. डिक्टरसारख्यांची कामगिरी पाहावयाची तर ती येथें पाहावी, अंड्यांत नव्हे.

हा वाद क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कथा खरी मानिली तर त्या पिढीची स्त्री आपलें मन आपणांस न कळणारी, व एका पंडिताच्या युक्तीस भुललेली अशी इतिहासांत नोंदली जाते. पेटंटाचा कागद खरा मानिला तर तिनें पीठ चाखिलें, तें तिला पसंत पडलें नाहीं, आणि कारखानदारास आपली कृति बदलावी लागली, एवढेंच दिसतें.

निर्णय पुरा करण्यास आणखी एक साधन हवें, तें म्हणजे प्रत्यक्ष पुडे. छापलेल्या जाहिरातींपेक्षां पुड्याच्या पाठीवरील कृति अधिक प्रमाण, कारण तेथें खोटें छापलें तर केक बसतो. परंतु असे जिन्नस राखण्याची बुद्धि फार थोड्यांस होते. आम्हीं स्वतः तीस वर्षांपूर्वीं जुन्या मराठी मासिकांचे खंड बांधून घेतले तेव्हां जाहिरातींचीं पानें काढून टाकण्यास बांधणाऱ्यास आम्हींच सांगितलें होतें. बायकांच्या साबणा-तेलांचीं तीं पानें रद्दींत गेलीं आणि निबंध तेवढे उरले. ज्या संग्राहकांचे आप्त अमेरिकेंत आहेत, त्यांनीं १९३५ ते १९५५ या काळांतील तयार पिठाचा एखादा पुडा तेथील जुन्या बाजारांत मिळाल्यास त्याच्या पाठीमागील मजकुराची जशीच्या तशी नक्कल, छापील वर्षासह, आमच्याकडे पाठवावी.