अनुरणन आणि खरखर

ध्वनिशास्त्रांत दोन गोष्टींची गणना बरीच वर्षें दोषांत होत असे. एक म्हणजे बंद जागेंत ध्वनि थांबल्यावरहि मागें रेंगाळणारा त्याचा निनाद, आणि दुसरी म्हणजे विद्युत्यंत्रांतून निघणारी खरखर. आज नृत्यगृहांत एक गाणें दुसऱ्यांत मिसळून देणारा डीजे याच दोन दोषांना हाताशीं धरून आपलें काम करतो. शत्रूंचे सेवक कसे झाले, ही कथा उद्बोधक आहे. आणि तिचें सार असें कीं, जें मोजतां आलें तेंच पुढें वापरतां आलें.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. डोंगरासमोर हांक मारली असतां ती क्षणभरानें स्वतंत्रपणें परत ऐकूं येते, तो प्रतिध्वनि. देवळाच्या गाभाऱ्यांत टाळी वाजविली असतां भिंतींवरून परतणाऱ्या असंख्य लहरी एकमेकींत इतक्या मिसळून जातात कीं त्या वेगळ्या ओळखूं येत नाहींत. नाद केवळ हळूहळू विरत जातो. हें अनुरणन. डीजेच्या भाषेंत यालाच 'रिव्हर्ब' म्हणतात.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत १८९५ सालीं फॉग कलासंग्रहालयाचें व्याख्यानगृह तयार झालें. पण वक्त्याचें बोलणें धड समजेना. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपांच सेकंद घुमत राही, आणि तेवढ्या अवकाशांत वक्ता पुढचें वाक्य बोलून गेलेला असे. हा दोष दूर करण्याचें काम वॉलेस क्लेमेंट सेबिन या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकाकडे आलें. ऑर्गनची एक नळी, एक कालमापक घड्याळ आणि स्वतःचे कान, एवढ्याच सामग्रीवर त्यानें काम आरंभिलें. रात्रीं सर्वत्र सामसूम झाल्यावर सँडर्स नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या तो साहाय्यकांसह उचलून आणी, त्या थोड्याथोड्या मांडून नाद विरण्यास लागणारा वेळ मोजी, आणि सकाळपूर्वीं परत पोंचत्या करी.

१८९८ मध्यें त्याच्या हातीं नियम आला : दालनाचें घनफळ जितकें अधिक तितकें अनुरणन दीर्घ, आणि ध्वनि शोषून घेणारे पदार्थ जितके अधिक तितकें तें आंखूड. ध्वनीची तीव्रता मूळच्या दहा लक्षांश होण्यास लागणारा वेळ, हें त्याचें माप ठरलें. या नियमाच्या आधारें बांधलेला बोस्टनचा सिंफनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजीं उघडला. तेथें अनुरणन नाहींसें केलेलें नाहीं. वाद्यवृंदास शोभेल इतकें, भरलेल्या दालनांत सुमारे १.९ सेकंद, तें राखलेलें आहे. भाषणास जो दोष, तोच योग्य प्रमाणांत संगीतास गुण होतो.

पुढें हा गुण कृत्रिम रीतीनें निर्माण करण्याचे प्रयत्न झाले. १९४७ सालीं शिकागोंतील ध्वनिमुद्रक बिल पटनम यानें 'पेग ओ माय हार्ट' हें हार्मोनिकावरील गीत मुद्रित करतांना त्याचा आवाज स्नानगृहांत सोडला, आणि तेथें घुमलेला नाद मायक्रोफोननें टिपून मूळ आवाजांत मिसळला. १९५७ मध्यें जर्मनींत ईएमटी १४० हें यंत्र निघालें. त्यांत पोलादाचा पातळ पत्रा टांगून त्याच्या कंपनांकडून दालनाचें काम करवून घेतलेलें होतें. १९६१ सालीं अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंतील श्रोडर व लोगन यांनीं केवळ विलंब आणि पुनरावृत्ति यांच्या गणितानें अनुरणन घडविण्याची रीति प्रसिद्ध केली.

खरखरीची कथाहि त्याच प्रयोगशाळेंतली. यंत्र कितीहि निर्दोष केलें तरी ध्वनिवर्धकांतून एक अस्पष्ट सुसकारा येतच राही. जॉन जॉन्सन यानें तो मोजला आणि १९२८ मध्यें दाखवून दिलें कीं, विद्युद्वाहकांतील कणांच्या उष्णताजन्य चळवळींतून तो उद्भवतो. हॅरी नायक्विस्ट यानें त्याची उपपत्ति त्याच वर्षीं मांडली. पदार्थांत उष्णता आहे तोंवर ही खरखर समूळ नष्ट होणें नाहीं.

या खरखरींत सर्व श्राव्य कंपनसंख्या सारख्या प्रमाणांत असतात. म्हणून पांढऱ्या प्रकाशाच्या साम्यावरून तिला 'श्वेत' म्हणूं लागले. परंतु प्रत्येक वरच्या सप्तकाचा पट्टा दुप्पट रुंद असल्यामुळें तेथें शक्ति अधिक सांचते, आणि खरखर कानाला तीक्ष्ण लागते. दर सप्तकास तीन डेसिबेल उतरती केली कीं प्रत्येक सप्तकाच्या वांट्यास सारखी शक्ति येते. ती 'गुलाबी' खरखर, संततधारेसारखी समतोल. सहा डेसिबेल उतरती केल्यास दूरच्या धबधब्यासारखा गंभीर घोष होतो. त्यास 'ब्राउन' म्हणतात. पण हा तपकिरी रंग नव्हे, १८२७ सालीं परागांतील कणांची अखंड चळवळ पाहणारा रॉबर्ट ब्राउन याचें हें नांव आहे. उलट, चढती केली तर निळी व जांभळी खरखर मिळते.

१९७० सालच्या मिनीमूग या वाद्यांत श्वेत व गुलाबी खरखर मुद्दाम बसविलेली होती. त्याच सुमारास जमेकांतील किंग्स्टन शहरीं, विजेचीं यंत्रें दुरुस्त करणारा ऑसबोर्न रडॉक, ऊर्फ किंग टबी, तयार गीतांच्या फिती घेऊन बसूं लागला. गायकाचा आवाज काढून टाकावा, ढोल व खर्ज तेवढा ठेवावा, आणि मधूनच एखादा शब्द अनुरणनांत भिरकावून द्यावा, ही त्याची पद्धति. या 'डब' संगीतानें मिक्सर हेंच वाद्य ठरविलें.

आजचा डीजे या वारशावरच जगतो. एक गीत संपत आलें कीं तो श्वेत खरखर फिल्टरमधून हळूहळू वर चढवितो, सरत्या सुरांस दीर्घ अनुरणन देतो, आणि ऐन क्षणीं दोन्ही एकदम तोडून नवा ताल सोडतो. मात्र खर्जास अनुरणन दिलें तर सारा गढूळपणा होतो. म्हणून तेवढा भाग तो गाळून घेतो. शिवाय ज्या दालनांत तो वाजवितो त्यास स्वतःचें अनुरणन असतेंच. दगडी, उंच दालनांत यंत्राचें अनुरणन वर चढविलें कीं फॉग व्याख्यानगृहाची अवस्था परत येते. गर्दीनें भरलेल्या दालनांत मात्र माणसांचीं शरीरें व वस्त्रें हार्वर्डच्या गाद्यांप्रमाणें ध्वनि शोषून घेतात, आणि तेथें थोडें अधिक खपतें. यंत्र कोणतेंहि असो, किती पुरे हें ठरविणारा शेवटीं कानच. आणि सेबिनचें पहिलें मापनयंत्रहि तेंच होतें.